चर्चेची नवी जागा

नृत्यवर्गाची चर्चा तीन ॲपवर विखुरली होती. ती एका जागी आणायचं काम सरांनी वर्गातल्या एका जुन्या शिष्येच्या गळ्यात मारलं. "चर्चा जिवंत राहील अशी जागा शोध. नाचात पाय तर चालत नाहीत तुझे, निदान बोटं तरी चालव." सगळा वर्ग खो खो हसला. तीही हसली.

महिनाभर पारखून तिने एक वेबसाइट पक्की केली आणि जुने सगळे मेसेज तारखांसकट तिकडे नेले.

उद्घाटनाला तालमीच्या हॉलमध्ये मोठा पडदा लावला. आजी-माजी शिष्य झाडून जमले. सरांनी ऐटीत बटण दाबलं. सगळ्यात जुना मेसेज म्हणून सगळ्यात वर आला तिचाच सहा वर्षांपूर्वीचा व्हिडिओ. जो नाच स्वतःची निर्मिती म्हणून सर गेली पाच वर्षं मिरवत होते, तोच, शेवटच्या गिरकीपर्यंत. खाली सरांचं उत्तर: "पोरखेळ आहे हा. असलं इथे टाकू नकोस."

सर तिच्या कानाशी पुटपुटले, "आधी ते काढून टाक."

"इथे टाकलेलं काढता येत नाही, सर," ती माइकवर म्हणाली. "म्हणून तर हीच जागा निवडली. उत्तर मात्र देता येतं."