वीस बिनडोक यंत्रं

नवे वीस कॉम्प्युटर काही केल्या ऑफिसच्या नेटवर्कला जोडले जाईनात. कॉम्प्युटर विभागाच्या बाईंनी पहिल्याच दिवशी दुखणं ओळखलं आणि साहेबांची केबिन गाठली.

"साहेब, आपला सर्व्हर कुठे आहे, हे ही यंत्रं बाहेरच्या सर्व्हरला विचारतायत. त्याला आपल्या घरातलं काय माहीत? फक्त सेटिंग..."

"तुम्ही राहू द्या हो," साहेब मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणाले. "बाहेरून तज्ज्ञ येतोय."

बाई आपल्या टेबलाकडे परतल्या.

चौथ्या दिवशी तज्ज्ञ आला. बुटांना झक्क पॉलिश, कामाच्या नावानं शंख. तासभर डोकं खाजवून त्यानं हळूच बाईंनाच विचारलं आणि त्या म्हणाल्या तसं सेटिंग बदललं. वीसच्या वीस कॉम्प्युटर मुकाट जोडले गेले.

"घरातली गोष्ट बाहेरच्याला विचारत बसले? काय बिनडोक यंत्रं!" तज्ज्ञानं कारण सांगताच साहेब पोट धरधरून हसले.

"खरं तर हे या मॅडमनी शोधलं," तज्ज्ञ निदान खरं बोलला.

अकरा वर्षं याच मजल्यावर बसणाऱ्या बाईंकडे साहेबांनी निरखून पाहिलं. मग तज्ज्ञाच्या कानाशी वाकून विचारलं, "नाव काय हो यांचं?"