वळणावरचा ठोका

“सर, परत उशिरा,” काचेपलीकडून रेकॉर्डिस्ट बाई म्हणाल्या. “मुखडा संपून अंतरा सुरू होतो ना, तिथेच. बाकी सगळं छान आहे.”

बाकी सगळं छान आहे, हे वाक्य दाजींनी डॉक्टरांकडूनही ऐकलं होतं. मेव्हण्याच्या बाबतीत. मेव्हणा त्याच आठवड्यात गेला.

मेव्हणा म्हणजे बँडचा ड्रमवाला. गडगडाटामुळे त्याला सगळे ढग म्हणत. तो बास गिटारवाल्याला दाजी म्हणे, म्हणून सगळा बँड दाजी म्हणू लागला. की-बोर्डवर बसून बँड चालवणारे साहेबसुद्धा. साहेबांना बहीण नव्हती, तरी दाजींना दर हाकेला आपलं आणखी एक लग्न झाल्यासारखं वाटे.

हल्ली एकत्र बसून कोणी रेकॉर्डिंग करत नाही. ज्याने त्याने सवडीने यायचं, आपला भाग एकट्याने वाजवायचा आणि आपला चहा पिऊन निघायचं. ढग आधी येऊन गेला. त्या दिवशी दाजी परगावी होते. काचेपलीकडे बाई आणि अलीकडे तो एकटा. रिकाम्या खोलीत ड्रम वाजवून तो घरी गेला आणि पुढे घरातूनही गेला. त्या ड्रमवर बास चढवायचा तेवढा राहिला.

“दाजी, अगदी सरळ करून दिलाय ट्रॅक,” साहेब म्हणाले. “ढगाचं लोळणं बाईंनी काढून टाकलंय. आता तरी जमायला हवं. नाहीतर बास मी की-बोर्डवर डाव्या हाताने वाजवतो. इथेही, आणि यापुढे कार्यक्रमातही. वाईट वाटून घेऊ नका. काळ बदललाय.”

काळ बदललाय असं सांगणारा माणूस बहुधा खुर्चीत बसलेला असतो. दाजी उभे होते.

लोळणं हा साहेबांचा शब्द. मुखड्यावरून अंतऱ्याकडे जाणाऱ्या त्या वळणावर ढगाचा ठोका केसभर उशिरा पडे. वर्षानुवर्षं पडे. साहेब सगळ्यांदेखत त्याची खरडपट्टी काढत. “जेवण जड झालं, साहेब,” म्हणून ढग हसे आणि पुढच्या कार्यक्रमात पुन्हा लोळे. दाजीही मान डोलावून साहेबांना दुजोरा देत. बायकोच्या भावाला परस्पर कोणी बोलत असलं की एक घरगुती काम बाहेरून करून घेतल्याचं समाधान मिळतं.

खरी गोष्ट दाजींच्या डाव्या हातात होती. करंगळीशेजारचं बोट एकदा दुकानाच्या शटरखाली सापडलं. तेव्हापासून ते हुकूम मिळाल्यावर जरा विचार करून मगच वाकत असे. नेमकं त्या वळणावर हात बासच्या मानेवर एका टोकाहून दुसऱ्या टोकाला न्यावा लागे आणि नेमकं तेच बोट कामाला येई. दाजींनी हे कोणालाच सांगितलं नव्हतं. बरणीचं झाकण उघडत नाही, याचं खापर बायको त्यांच्या आळसावर फोडे. ते फोडू देत. बोट गेल्याचं कळलं की बासवाला गेलाच. आजवर निभावलं ते नशिबाने. मेव्हण्याची खोड आणि आपलं बोट, दोन्ही एकाच जागी अडत होती. अशी जुळणी लग्नातसुद्धा होत नाही.

हेडफोनमध्ये ढग पुन्हा सुरू झाला. मेल्यापासून तो फार शिस्तीत वाजवत होता. श्वास नाही, धाप नाही. वळण आलं. ठोका वेळेवर पडला. दाजी त्याच्यामागून पोचले, बस सुटल्यावर स्टॉपवर पोचावं तसे.

 साहेबांनी बोटं मोडली. डाव्या हाताची.

“मूळचं आहे का?” दाजींनी बाईंना विचारलं. “म्हणजे, न धुतलेलं?”

“आहे, पण त्यात फार कचरा आहे, सर. स्टूल करकरतं, ते नाक ओढतात, मध्येच काहीतरी पुटपुटतात. मी सगळं साफ केलंय.”

“आणि त्यात तो लोळतोय,” साहेब म्हणाले.

“लोळू दे. एकदाच लावा. नाही जमलं तर हा बास घरी नेऊन भिंतीला टांगतो.”

बाईंनी काहीतरी दाबलं. आधी स्टूल करकरलं. मग कोणीतरी नाक ओढलं, इतक्या जवळ, की दाजींनी सवयीने खिशातून रुमाल काढून बाजूला धरला. काचेपलीकडच्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. दाजींनी रुमाल परत खिशात कोंबला. ड्रमच्या कोपऱ्यात आता जास्तीच्या खुर्च्या रचून ठेवल्या होत्या. तिकडे बघायचं त्यांनी टाळलं.

काड्या एकमेकींवर वाजल्या. गाणं निघालं.

मुखडा सरळ गेला. दोघं बरोबर चालले होते, एक पायाने, एक बोटांनी. वळण जवळ आलं. दाजींचा हात मानेवरून सरकला. बोट अडलं.

ड्रम थांबले.

केसभरच. पण त्या केसभर जागेत, कानाला लागून, रिकाम्या खोलीत एकटाच बसलेला ढग अगदी हळू बोलला, दार धरून उभ्या असलेल्या माणसाने बोलावं तसं.

“या, दाजी.”