मोड आलेली नाचणी

ओवीने तिसरा चमचाही थुंकला आणि तोंड फिरवलं. अंगावरचं दूध पुरेनासं झालं म्हणून तिला आजपासून नाचणीसत्त्व सुरू केलेलं. मैथिलीने ते जिभेला लावून पाहिलं. कडूजहर.

कडूपणा हा कंपनीच्या या नव्या बियाण्याचा गुणच होता. रोपं कोवळी असताना इतकी कडू, की बिनशंखाच्या गोगलगायी त्यांना तोंड लावत नसत. दाणा भरेपर्यंत कडूपणा निघून जाई आणि भाकरी गोडच लागे. आता सगळ्या खोऱ्यात हेच बियाणं होतं, जुनं कुणी ठेवलंच नव्हतं.

बियाणे कंपनीचे दाभोळे ओसरीवर सासऱ्यांबरोबर चहा पीत बसले होते. मैथिली वाटी घेऊनच बाहेर आली.

"बाळाच्या सत्त्वासाठी नाचणीला मोड आणतात, मग वाळवून दळतात. मोड म्हणजे पुन्हा कोवळं रोपच की. तपासलंत ते?"

"वहिनी, पीठ, भाकरी, आंबील, सगळं तपासलंय."

"मी मोडांचं विचारतेय."

दाभोळे हसले. "मोड फक्त गोगलगायी खातात, असं धरलं होतं."

"कुणाला विचारून धरलंत? तुमच्याकडची पोरं काय दात घेऊनच जन्मतात?"

"विषारी नाही हो ते. नुसतं कडू आहे."

"मग घ्या की." तिने वाटी त्यांच्या हातात दिली.

दाभोळ्यांनी एक चमचा तोंडात घातला आणि ओवीसारखंच तोंड फिरवलं.

"अजून दोन," मैथिली म्हणाली. "तिने तीन घेतलेत."