बिनतक्रार

"बारा दिवस झाले, एकही तक्रार नाही," तो म्हणाला. जेवणाच्या टेबलावर त्याचा लॅपटॉप होता आणि टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बायको इस्त्री करत होती.

"मग काय, बक्षीस-बिक्षीस देतात का त्याचं?"

देत नव्हते. ऑपरेटिंग सिस्टीमबरोबर येणारं, स्क्रीनवरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारं एक सॉफ्टवेअर तो गेली नऊ वर्षं सुट्टीच्या दिवशी सांभाळत होता. कुणीही ते फुकट घ्यावं, हवं तसं बदलावं आणि नाही पटलं तर त्याला शिव्याही फुकट द्याव्यात, अशी एकंदर व्यवस्था होती.

बारा दिवसांपूर्वी काढलेल्या नव्या आवृत्तीत त्याने साफसफाई केली होती. पूर्वी मशीन सुरू झालं की आधी बोलून विचारायचं, 'वाचून दाखवू का?' शंभरातले नव्व्याण्णव जण 'नको' म्हणत आणि वर वैतागत. त्याने प्रश्नच काढून टाकला. आता आवाज मुळातच बंद. ज्याला हवा त्याने सेटिंगमध्ये जाऊन सुरू करावा. लोकांनी आधी जे निवडलं होतं तेही अपडेटबरोबर पुसलं जाई, म्हणजे सगळ्यांची पाटी कोरी. निवडीचं स्वातंत्र्य होतंच, फक्त तीन पायऱ्या आत नेऊन ठेवलं होतं.

"आणि तुमचे ते तक्रारआजोबा?" बायकोने कॉलरवर इस्त्री दाबली.

"तेही गप्प. बघ आता."

तक्रारआजोबा म्हणजे टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेले एक ऑपरेटर. त्यांना दिसत नव्हतं. त्यांचं नाव-गाव याला ठाऊक नव्हतं, ईमेलचा पत्ता तेवढा होता. नवी आवृत्ती आली की तासाभरात त्यांचं पत्र यायचं, मुद्द्यांना क्रमांक घालून. मशीन पूर्णविरामाला दम घेत नाही. 'ज्ञ' म्हणताना त्याला सर्दी होते. एकदा त्यांनी लिहिलं होतं, 'या घरात मशीन सोडून बोलणारं कुणी नाही, तेव्हा निदान त्याचे उच्चार तरी सुधारा.' ते वाक्य त्याने बायकोला हसत हसत वाचून दाखवलं होतं. ती हसली नव्हती.

"आजारीबिजारी नसतील ना हो?"

"छे. या खेपेला तक्रारीला जागाच ठेवली नाही मी."

बोलून झाल्यावर त्याचं स्वतःच्याच वाक्याकडे लक्ष गेलं. मग घाईघाईने टाइप करू लागला. आवाज कसा सुरू करायचा, कुठली कळ, ती किती वेळा, सगळं आजोबांसारखेच क्रमांक घालून लिहिलं. खाली माफी मागितली. पत्र पाठवलं आणि खुर्चीला पाठ टेकली.

"काय झालं?"

त्याने सांगितलं. बायकोने इस्त्री उभी केली.

"अहो, पण ते वाचणार कसं?"

त्याने पाठवलेलं पत्र पुन्हा उघडलं.

"फोन करा."

"नंबर नाही."

"मग घरी जाऊन या."

"कुठल्या?"

"मग पुन्हा नवीन आवृत्ती काढा. तो प्रश्न विचारणारी."

"काढतो की. आज काढतो. पण ती घ्यायची की नाही, हे मशीन त्यांना विचारणार. परवानगीशिवाय काही घुसवायचं नाही, असा नियम आहे. मीच भांडून करून घेतलाय."

"मग विचारू दे ना."

"स्क्रीनवर विचारतं ते. लिहून."

बायकोने घडी केलेला शर्ट उगाचच उलगडला आणि परत घडी केली. त्याने लॅपटॉप बंद केला, पुन्हा चालू केला, दोन्ही हात टेबलावर ठेवले आणि डोळे मिटून घेतले.

"झोपलात का?"

"नाही. काही विचारतंय का, बघतोय."

ती उठली. काही आलंच तर ऐकू यावं म्हणून तिने पंखा बंद केला.