भिंतीतली बोलनळी

युद्धाच्या काळात ही इमारत नौदलाचं मुख्यालय होती. आता ती जतन करायची म्हणून गवंडीकाका पहिल्या मजल्यावरचा जुना गिलावा खरवडत होते. आत पितळी नळी निघाली. तिच्यातून साहेबलोक तळघरातल्या संदेशखोलीशी बोलायचे.

"तळघर बुजवून चाळीस वर्षं झाली, काका. नळी तेवढी पुसून ठेवा," असं सांगून आर्किटेक्ट बाई जेवायला गेल्या.

काकांनी फडकं फिरवलं, तसा नळीतून ऊबदार श्वास आला. पाठोपाठ एका बाईचा दमलेला आवाज. "साहेब, आपली बोट परतली का हो?"

काका दचकून मागे सरले. पण तो आवाज ऐकून त्यांना गलबलूनही आलं.

"परतली हो, ताई," ते म्हणाले. "आता जरा पडा."

मग खालून कितीतरी जणांनी एकदमच विचारलं, "सगळे उतरले?"