बिगुलावरचं नाव

सकाळी आठला आप्पासाहेब देशमुखांनी शाळेच्या ओट्यावर बसून बिगुलाच्या मानेवरून अंगठा फिरवला आणि त्यांना पोराचं नाव सापडलं नाही.

त्यांनी बिगुल उलटा केला, पुन्हा चाचपला. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. आताशा ते अंगठ्यानंच वाचत. त्यांचा बद्रीनाथ याच शाळेच्या बँडात वाजवायचा. तो हिवतापानं गेला तेव्हा त्याच्या नावाचा हा बिगुल त्यांनी शाळेला दिला. दर साली निजामसाहेबांच्या सालगिरहला, वाढदिवसाला, ते बिडकीनहून बैलांची दमणी जोडून येत, नावावरून हात फिरवत, परेडची सलामी ऐकत आणि परत जात.

"मुबारक, हा दुसराच दिसतो."

"नाय आप्पासाहेब. तोच हाय."

"मग बद्री कुठं हाय?"

मुबारक शाळेचा शिपाई. चिंचेचा कोळ आणि विटेची पूड घेऊन दर जुम्मेरातीला, गुरुवारी, तो बँडची वाद्यं घासायचा. बाकीच्यांवर एक हात, या बिगुलावर दोन, आणि नावावर सगळ्यात जास्त. सालातून एकदा बाप येतो, त्याला अक्षरं स्वच्छ लागावीत म्हणून. बालबोध लिपी त्याला वाचता येत नव्हती. अक्षरं पुसट होऊ लागली तेव्हा त्याला वाटलं, खाचांत मळ बसलाय. तो आणखी जोर लावू लागला.

"मी घासलं," तो म्हणाला. "चांगलं दिसावं म्हणून."

"लई चांगलं दिसतंय," आप्पासाहेब म्हणाले. "पटकीच्या साथीनं घरं पुसली, पण इतकं साफ नाय पुसलं."

हेडमास्तर बाहेर आले. बिगुल बघून त्यांनी मुबारकला झापलं. "मैंने कहा था इतना घिसो?"

मागच्या मुआयन्याला, तपासणीच्या दिवशी, त्यांनी याच बिगुलात बड्या साहेबांना त्यांचा चेहरा दाखवला होता. मुबारक तेव्हा मागंच उभा होता.

औरंगपुऱ्यातून बन्सीला आणलं. तो बाजारात बसून भांड्यांवर नावं घालायचा. हे नावही त्यानंच घातलं होतं. त्यानं बिगुल उन्हात धरला, बोटानं दाबला. पत्रा आत गेला आणि टक् करून वर आला.

"पापुद्रा राहिलाय नुसता," बन्सी म्हणाला. "टाकी ठेवली की आरपार. मग ह्यातून हवा जाईल, सूर नाय."

"बस, फिर रहने दो," हेडमास्तर म्हणाले. नऊला सुभेदारसाहेब यायचे होते आणि सलामीला शाळेत हा एकच बिगुल होता. ते आप्पासाहेबांकडं वळले, आवाज खाली आणला. "देशमुखसाहेब, आज वाजू द्या. मी नवा मागवतो. त्यावर मोठ्या अक्षरांत नाव घालू."

"नव्याला त्याचं तोंड कुठं लागणार?"

"याला तरी कुठं लागलं होतं, साहेब? हा तर नंतर आला."

हे खरं होतं. ओट्याखाली बँडची पोरं रांगेत उभी राहत होती. कुणीतरी ढोलावर टिपरूनं दोन ठोके मारून बघितले.

"बन्सी, नाव घाल," आप्पासाहेब म्हणाले.

"वाजणार नाय मग."

"घाल म्हणतो."

"धरायला माणूस लागंल. हललं तर चिरंल."

कुणी पुढं आलं नाही. मुबारक खाली बसला, बिगुल मांडीवर आडवा घेतला आणि दोन्ही हातांनी घट्ट धरला.

"मुबारक," हेडमास्तर म्हणाले, "छोड दे. नहीं तो कल से आना मत."

बन्सीनं टाकी टेकवली, हातोडी उचलली आणि थांबला. "काय करू, मामू?"

"तू तुझं काम कर," मुबारक म्हणाला.

पहिल्या दोन ठोक्यांना पितळ फक्त दबलं. तिसऱ्याला टाकी आत गेली आणि तिथंच अडकली. बन्सीनं ती हलवून काढली. भोकाच्या कडा बाहेर उलटल्या होत्या.

"काय झालं?" आप्पासाहेबांनी विचारलं.

"ब झाला. पण फाटलं, धनी. इथून पुढं असंच फाटत जाणार."

"पुढचं घाल."

फाटकाशी मोटारीचा भोंगा वाजला. पोरं ताठ उभी राहिली. हेडमास्तर दोन पायऱ्या उतरले, परत वर आले आणि बिगुलाला हात घालून त्यांनी तो ओढला.

मोटार आत आली तेव्हा मुबारकनं बिगुल सोडलेला नव्हता.