फिकी पंगत

"तिखट फार झालंय," भास्करराव डोळे पुसत म्हणाले.

लग्नघरचा आचारी कंटाळला. चव बघण्यापुरता मसालेभात त्यानं तिसऱ्यांदा केला होता. "मालक, आता मिरची फक्त लांबून दाखवायची राहिली."

भास्कररावांना तोंड आलं होतं. मुलीच्या लग्नाच्या बैठकीत व्याही मख्खासारखे गप्प बसले आणि प्रत्येक गोष्टीला नुसती मान हलवत राहिले, तेव्हापासून. माणूस नाराज आहे, या धास्तीनं आधी झोप उडाली, मग जिभेवर फोड आले. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी मलम दिलं आणि बजावलं, "काळजीनं आलंय हे. काळजी सोडा." आणि हे मुलीच्या बापाला.

लग्नात तो फिका मसालेभात बघून पाहुण्यांनी नाकं मुरडली. लोणच्याची बरणी पंगतभर फिरली. बायकोनं असं पाहिलं, की भास्करराव खांबाआड सरकले. व्याही मात्र चौथ्यांदा भात मागत होते.

भास्करराव भीतभीत वाढायला गेले. व्याह्यांनी त्यांना जवळ ओढलं आणि ते कानाशी पुटपुटले, "महिन्याभरात आज पोटभर जेवलो बघा. तोंड आलंय हो. बैठकीतही बोलता येईना. घरातलं पहिलंच कार्य, धसकाच घेतला मी." आणि सदऱ्याच्या खिशातून त्यांनी मलमाची ट्यूब काढली.

भास्कररावांनी स्वतःच्या खिशातली तशीच ट्यूब काढून शेजारी धरली.

दोघेही मोठ्यानं हसायला गेले आणि दोघांनीही एकदमच गाल धरले.